पोरगं चुकलं, तर गावानं काय करावं?

गेल्या रब्बीतली गोष्ट. हरभरा फुलोऱ्यात होता आणि घाटेअळीसाठी कामगंध सापळे कसे लावायचे, हे दाखवायला मी एका गावी गेलो होतो. सकाळी नऊची वेळ दिलेली. प्लॉटवर पोहोचलो तर चिटपाखरू नाही. गावातून आरडाओरडा ऐकू येत होता, म्हणून गाडी तिकडं वळवली. चावडीसमोरच्या लिंबाला एक पोरगं बांधलेलं. वय सोळाच्या आसपास. ओठ फुटलेला, शर्टाची बाही फाटलेली. पायाशी जळक्या तांब्याच्या तारेचं भेंडोळं. रात्रीतून तीन विहिरींवरची केबल गेली होती आणि हे पोरगं ओढ्याच्या काठाला केबल जाळताना सापडलं होतं.

शंभरेक माणूस जमलेलं. ज्याला वाटेल तो पुढं होऊन एक हात टाकत होता. दहा-बाराजण मोबाईलवर चित्रण करत होते. पोलीस पाटील होते, ग्रामपंचायतीचे दोन सदस्य होते, शाळेचे एक गुरुजी होते आणि मी होतो. मी एवढंच म्हणालो, "आप्पा, निदान पाणी तरी पाजा त्याला." आप्पा म्हणाले, "साहेब, तुम्ही अळीचं बघा. ह्या अळीचं औषध आमच्याकडं आहे." लोक हसले. मीही गप्प बसलो. तासाभरानं पोराला टेम्पोत घालून ठाण्यावर नेलं आणि आमचा सापळ्यांचा कार्यक्रम दुपारी रीतसर पार पडला.

खत-बियाण्यावर लिहिणारा माणूस आज हे का लिहितोय, असं वाचकांना वाटेल. कारण त्या दिवशी तिथं हजर असलेल्या आम्हा पाच-सहा जबाबदार माणसांपैकी एकालाही अशा वेळी कायद्यानं काय करायचं असतं, हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. नंतर ते माहीत करून घेतलं, चार ठिकाणी विचारलं. जे कळलं ते मांडतो.

नुकसान खोटं नाही

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्यांची केबल गेली ते कुणी बडे बागायतदार नव्हते. त्यातले एक दीड एकराचे धनी. गहू ओंबीवर आलेला, विजेची पाळी रात्रीची, आणि ऐन वेळी मोटर बंद. नवी केबल आणायला पैसे नाहीत, उधारीवर मिळेपर्यंत पाण्याची एक पाळी चुकली. ओंबी भरताना पाणी चुकलं की दाणा बारीक राहतो, हे मी कुणाला सांगायला नको. शिवाय ठाण्यावर गेलं की "केबलच ना?" असं ऐकून परत यावं लागतं, हा शेतकऱ्यांचा अनुभव आहे. त्या लिंबाखालचा राग हा नुसत्या एका पोरावरचा राग नव्हता. वर्षानुवर्षं मोटरी, स्टार्टर, केबली, शेळ्या जातात आणि काही हाती लागत नाही, तो सगळा राग त्या एका पोरावर निघाला.

तेव्हा "लेकरू आहे, सोडून द्या" असं म्हणण्यासाठी हा लेख नाही. चोरी ही चोरीच आहे आणि त्याचा जाब घेतलाच पाहिजे. प्रश्न एवढाच की जाब कसा घ्यायचा, म्हणजे केबली जायच्या थांबतील आणि पोरगंही कायमचं हातचं जाणार नाही.

त्या पोराचं पुढं काय झालं ते सांगतो. त्याचे आई-बाप दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले. घरी आजी आणि हा. दहावीला दोन विषय राहिले, तेव्हापासून मोकळाच. ठाण्यावर नेलं त्या रात्री तो कुठं आहे, हे आजीला कुणी सांगितलं नाही. दोन दिवसांनी परत आला, पण तोवर लिंबाला बांधलेलं त्याचं चित्रण तालुकाभर फिरलं होतं. पंधरा दिवसांत तो गाव सोडून गेला. नंतर कळलं ते असं की, केबल जाळून तांबं आणून द्या, किलोमागं पैसे देतो, असं ह्या पोरांना सांगणारा एक मोठा माणूस होता. भंगाराचं दुकान चालवणारा, चाळिशीचा. त्याला कुणी लिंबाला बांधलं नाही. त्याचं नावही त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

कायदा काय सांगतो

मुलांचा न्याय वेगळा असावा, हा विचार काही परवाचा नाही. मुंबईत माहीमला डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक शाळा १८५७ सालापासूनची. चुकलेल्या मुलाला तुरुंगात न टाकता हाताला काम शिकवावं, हाच तिचा हेतू. मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा १९२४ साली झाला. पुढं मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगात पडलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८६ सालीच देशभरासाठी एक कायदा आला. त्यात मुलांसाठी वयाची मर्यादा १६ होती, मुलींसाठी १८. सन २००० च्या कायद्यानं दोघांनाही १८ केली. आज चालतो तो बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे.

त्यातल्या गावाच्या उपयोगाच्या गोष्टी साध्या भाषेत अशा.

अठरा वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, तो सहायक उपनिरीक्षकाच्या दर्जाच्या खालचा नसतो. मूल ताब्यात आलं की ते त्याच्या किंवा जिल्ह्याच्या विशेष बाल पोलीस पथकाच्या हवाली करायचं. आई-बापाला किंवा पालकाला कळवायचं, परिविक्षा अधिकाऱ्याला कळवायचं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढं हजर करायचं. बेडी घालायची नाही.

हे मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत किमान एक बाई. कायद्यानं गुन्ह्याचे तीन प्रकार केलेत. जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेला तो किरकोळ, तीन ते सात वर्षांचा गंभीर, आणि ज्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा आहे तो अतिगंभीर. शेतातून केबल नेणं ही साधी चोरी, म्हणजे कायद्याच्या हिशेबात किरकोळ. हा शब्द कायद्याचा आहे, शेतकऱ्याचा नव्हे. पाण्याची पाळी चुकलेल्याला तो बोचणारच. पण त्याचा अर्थ सोडून द्या असा नाही. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे अशा प्रकरणात मुलाच्या नावावर प्रथम खबरी अहवाल नोंदवायचा नसतो. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून, मुलाच्या घरची परिस्थिती काय, शाळा का सुटली, संगत कुणाची, याचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल मंडळाला पाठवायचा असतो. गुन्हा अतिगंभीर असेल किंवा मोठ्या माणसाबरोबर मिळून केलेला असेल, तर मात्र खबरी अहवाल होतो.

मंडळानं चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून. दोष ठरला तर समज देणं, समुपदेशन, समाजसेवेचं काम लावणं, पालकांना दंड, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवणं, आणि गरज पडली तर तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात पाठवणं, असे सगळे मार्ग मंडळाला मोकळे आहेत.

आता लिंबाखाली काय झालं ते या मापानं मोजा. मुलाला बांधून मारणं हा मारणाऱ्यांचा वेगळा गुन्हा झाला. त्याचा चेहरा, नाव, गाव मोबाईलवर फिरवणं हाही गुन्हा. कलम ७४ खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि ज्या मोठ्या माणसानं पोरांना चोरीला लावलं, त्याच्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेत, १८ वर्षांखालच्या मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला तीन ते दहा वर्षांची कैद सांगितली आहे. म्हणजे त्या दिवशी कायद्याच्या नजरेत सगळ्यात मोठा गुन्हेगार होता तो भंगारवाला. आपण मारलं पोराला, आणि तो सुटला.

"श्रीमंताच्या पोराला निबंध"

हे गावात सांगायला लागलो की एक उत्तर हमखास येतं. "साहेब, पुण्यात काय झालं ते पाहिलं ना? श्रीमंताच्या पोराला निबंध आणि गरिबाच्या पोराला पट्टा." मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीच्या धडकेत दोघांचा जीव गेला. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप होता. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. लोक चिडले, ते चिडण्यासारखंच होतं. पुढं राज्य सरकारनं त्या मंडळाच्या दोन सदस्यांना पदावरून दूरही केलं.

पण यातून धडा कोणता घ्यायचा? कायदा फेकून द्यायचा, हा धडा नाही. मंडळावर बसणारी माणसं नीट निवडलेली आणि नीट शिकलेली नसतील, तर चांगल्या कायद्याचंही हसू होतं, हा धडा आहे. एखाद्या शेतकऱ्यानं चांगलं बियाणं चोपणात पेरलं आणि उगवलं नाही, तर आपण वाणाला दोष देतो का?

दुसरं उत्तर असं की, हल्लीची पोरं सोळा-सतराव्या वर्षी सगळं समजून करतात. बरोबर आहे. देशात २०२२ मध्ये अल्पवयीन मुलांवरची जी तीस हजारांच्या आसपास प्रकरणं नोंदली गेली, त्यांत पकडलेल्या मुलांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त १६ ते १८ वयाचीच होती. म्हणूनच २०१५ च्या कायद्यात, अतिगंभीर गुन्ह्यात सापडलेल्या १६ वर्षांवरच्या मुलाची प्राथमिक पडताळणी करून त्याला मोठ्यांप्रमाणे खटल्याला पाठवायची वाट ठेवली आहे. कायदा भाबडा नाही. केबलचोर आणि खुनी यांत तो फरक करतो, आपण लिंबाखाली करत नाही एवढंच.

आणि शेवटी हिशेबाचं बोला. सोळा वर्षांचं पोरगं मार खाऊन, अब्रू घालवून गावाबाहेर पडलं की कुठं जातं? ज्यानं त्याला केबल जाळायला शिकवलं, त्याच्याकडंच जातं. तिथं त्याला जेवण मिळतं आणि दोन शब्द बरे ऐकायला मिळतात. दोन वर्षांनी ते अठराचं होतं. तेव्हा तो चोर आपणच तयार केलेला असतो.

पहिली गोष्ट : शिकवण

माझ्या खात्यात एक गोष्ट मी शिकलो. मुंबईत-दिल्लीत ठरलेली चांगली शिफारस बांधावर आपोआप येत नाही, ती कुणीतरी आणावी लागते. ऐंशीच्या दशकात प्रशिक्षण व भेट योजना आली ती याचसाठी. ठरलेल्या दिवशी कर्मचाऱ्याला शिकवायचं आणि ठरलेल्या दिवशी त्यानं गावात जायचं. पुढं शेतीशाळा आली. तिची सुरुवात १९८९ साली इंडोनेशियातल्या भातशेतीत झाली. भाषण नाही, शेतकऱ्यानं स्वतः शेतात उतरून किडी मोजायच्या, मित्रकीटक कोणता नि शत्रू कोणता ते ओळखायचं, मगच फवारणीचं ठरवायचं.

बाल न्यायाच्या बाबतीत हेच राहिलंय. सर्वोच्च न्यायालयानं ९ फेब्रुवारी २०१८ च्या संपूर्णा बेहुरा प्रकरणातल्या निकालात मंडळांवरच्या रिकाम्या जागा भरा, पोलिसांना आणि परिविक्षा अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्या, असं सांगितलं. ते वरच्या पायऱ्यांचं झालं. पण पोरगं सापडतं तेव्हा पहिल्या दोन तासांत तिथं ना मंडळ असतं ना परिविक्षा अधिकारी. तिथं असतात पोलीस पाटील, सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, अंगणवाडी सेविका, गुरुजी. सगळं बिघडतं किंवा सावरतं ते याच दोन तासांत.

म्हणून माझी पहिली सूचना अशी. दर वर्षी सुगीच्या आधी तालुक्याच्या ठिकाणी या माणसांची दोन दिवसांची शाळा घ्यावी. ठाण्यातले बाल कल्याण पोलीस अधिकारी, मंडळावरचे एक सामाजिक कार्यकर्ते, परिविक्षा अधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे एक वकील यांनी ती चालवावी. कलमं पाठ करून घेऊ नयेत. प्रसंग उभा करावा : पोरगं सापडलंय, गर्दी जमलीय, पोलीस पाटील तुम्ही आहात, आता काय कराल?

उत्तर चार ओळींचं आहे. मारहाण थांबवून दोर सोडायचा आणि पोराला आत बसवून पाणी द्यायचं. मोबाईल खिशात ठेवायला लावायचे. घरच्यांना बोलावून ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला फोन करायचा. तो लागला नाही तर ११२ आहे, आणि मुलांसाठी रात्रंदिवस चालणारा १०९८ आहे. आणि ज्याचा माल गेला त्याच्याकडून काय गेलं, कुठून गेलं, माल कुणाला विकला जाणार होता, हे लिहून घ्यायचं. एवढं जरी प्रत्येक चावडीत पाटीवर लिहून ठेवलं, तरी पुष्कळ झालं.

दुसरी गोष्ट : पैसा आणि माणसं

नुसत्या शिकवणीनं भागत नाही. औषध सांगितलं पण पंप दिला नाही, अशी गत होते.

आपल्याकडं ग्राम बाल संरक्षण समिती गावोगाव स्थापन झालेली आहे. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव, पोलीस पाटील सदस्य. मी फिरतो त्या गावांत विचारून पाहिलं. कुठं समितीची वही आहे, कुठं वहीत सह्याही आहेत, पण शेवटची खरी बैठक कधी झाली हे सांगणारं माणूस विरळा. अंगणवाडी ताईंना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या डोक्यावर आधीच आहार, वजनं आणि मोबाईलवरच्या नोंदींचा भारा आहे.

ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो बहुतेक ठिकाणी वस्तू वाटण्यात संपतो. वर्षातून चार बैठका, एक शिबिर आणि मंडळापुढं तारखेला जाणाऱ्या गरीब पालकाचं एसटी भाडं, एवढ्याला त्यातले किती लागणार? ही शेवटची गोष्ट लहान वाटते, पण लहान नाही. मंडळ जिल्ह्याच्या गावी. तारखेला जायचं म्हणजे आजीचा एक दिवसाचा रोज बुडतो, दोन माणसांचं जाण्या-येण्याचं भाडं लागतं. दोन तारखा चुकल्या की प्रकरण लांबतं आणि पोरगं लटकत राहतं. वकिलाचा खर्च मात्र करायची गरज नाही, कारण मुलाला मोफत कायदेशीर मदत मिळेल हे पाहणं मंडळाचंच काम आहे. हेही गावात कुणाला ठाऊक नसतं आणि त्यापायी शेळ्या विकल्या जातात.

वरच्या पातळीवर परिविक्षा अधिकारी पुरेसे हवेत. एकाच माणसानं तालुके पालथे घालायचे म्हटलं, तर तो कागदच भरणार. पोराच्या घरी जाऊन चुलीशी बसून बोलणार कधी? २०२१ च्या दुरुस्तीनं, जी १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या कामावर जिल्हाधिकाऱ्यांची देखरेख आली आहे. तेव्हा जागा किती भरल्या, चार महिन्यांच्या वर किती प्रकरणं पडून आहेत, हे आपल्या लोकप्रतिनिधींनी जिल्ह्याच्या बैठकीत विचारावं. खताच्या रेकबद्दल विचारतात तसंच.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे, २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आली. आई-बाप कोयत्यावर गेल्यावर मागं राहिलेली पोरं कुठली आणि ती कुणाच्या नजरेखाली आहेत, याची यादी दिवाळीपूर्वी समितीनं केली, तर निम्मं काम तिथंच होईल.

तिसरी गोष्ट : पोरांनाच हाताशी धरा

सगळ्यात महत्त्वाचं हे. सोळा ते अठरा वयाचं, शाळा सुटलेलं पोरगं आपल्या कुठल्याच कागदावर नसतं. अंगणवाडीचं वय गेलं. सक्तीचं शिक्षण चौदाव्या वर्षी संपलं. सातबारा बापाच्या नावावर, म्हणून आमच्या शिबिराच्या हजेरीपटावरही नाही. मतदान नाही, म्हणून पुढाऱ्याच्या यादीत नाही. त्याची मोजणी पहिल्यांदा होते ती ठाण्यात. ह्यात आमच्या खात्याचीही चूक आहे, ती मान्य करतो.

ग्राम बाल संरक्षण समितीत मुलांचे प्रतिनिधी घ्यायची तरतूद आहे. ती जागा हुशार आणि गुणी पोरांनाच देऊ नका. एक जागा नापास झालेल्याला द्या. कोण केबल जाळतो, कोण कुणाला बाटली पाजतो, भंगाराची गाडी रात्री कुठं थांबते, हे गावात सगळ्यात आधी पोरांना कळतं. आपण त्यांना विचारत नाही. बालसभेत नुसती गाणी म्हणून घेण्यापेक्षा, तुम्हाला सहा महिने काय काम शिकायला आवडेल, एवढं जरी विचारलं तरी उत्तरं मिळतील.

शेजारच्या एका गावाचं उदाहरण देतो. तिथल्या पोलीस पाटलांना कायद्याची थोडी माहिती होती. दोन पोरांनी स्टार्टर नेला होता. पाटलांनी गर्दी पांगवली, दोघांना कार्यालयात बसवलं आणि फोन केला. प्रकरण मंडळापुढं गेलं. दोघांना परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवून समाजसेवेचं काम लावलं. आरोग्य केंद्राच्या आवारातली झाडं त्यांनी उन्हाळाभर जगवली. ज्यांचा स्टार्टर गेला होता त्यांनीच पुढं एकाला तालुक्याच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात लावून दिलं. मोटर उघडायचं त्याला येतच होतं, आता बांधायलाही येतं. दुसरा काही महिन्यांनी पुन्हा घसरला, तेही सांगितलं पाहिजे. शंभर टक्के उगवण कुठल्याच बियाण्याची नसते. पण दोनातला एक वाचला. लिंबाच्या झाडाखाली एकही वाचत नाही.

फवारणी पंप दुरुस्ती, रोपवाटिका, ठिबकची जोडणी, मातीचे नमुने काढणं, अशी कामं या वयाच्या पोरांना सुरक्षितपणे शिकवता येतात. विषारी औषधापासून त्यांना लांब ठेवावं, बाकी सगळं शिकवावं. दहावी झालेल्याला आयटीआय आहे, कृषी तंत्र विद्यालय आहे. मी स्वतः त्याच वाटेनं आलो. दहावीनंतर मला अर्ज आणून देणारा एक माणूस भेटला नसता, तर मीही ओढ्याच्या काठानं हिंडलो असतो.

शेवटचं

परवा आठवडे बाजारात त्या पोराची आजी भेटली. मेथीच्या चार जुड्या घेऊन बसलेली. तिनं मला ओळखलं. म्हणाली, "साहेब, तुम्ही त्या दिवशी होता ना तिथं? पाणी द्या म्हणालात, असं कळलं मला." मी म्हटलं, "होतो, आजी." पोरगं कुठं आहे विचारलं, तर म्हणाली, "फोन येतो कधीमधी. गाव सांगत नाही." मग तिनं मेथीची एक जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि काही केल्या पैसे घेईना.

पाणी द्या म्हणालो, एवढंच माझ्या नावावर जमा आहे. ते कमी पडलं. कमी पडलं ते दया नव्हती म्हणून नव्हे, माहिती नव्हती म्हणून. फोन कुणाला करायचा हे मला ठाऊक असतं, तर त्या गर्दीत एक तरी माणूस उभा राहिला असता.

तेव्हा सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना एवढीच विनंती. या पंधरवड्यात ठाण्यात जाऊन बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण ते विचारा आणि त्यांचा नंबर चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. त्याखाली १०९८ लिहा. समितीची वही काढून एक खरी बैठक घ्या आणि तिला गावातली चार मोकळी पोरं बोलवा. आणि शेतकरी बंधूंनो, केबल गेली तर तक्रार जरूर करा, पाठपुरावा करा, भंगारवाल्याचं नाव घ्यायला कचरू नका. फक्त पोराला लिंबाला बांधू नका.